बाळ बाटली तोंडातच घेत नाही? आधी ती बाटली खाली ठेवा

माझी धाकटी तेव्हा नुकतीच चार महिन्यांची झाली होती आणि मला ऑफिस जॉइन करायला ११ दिवस उरले होते. मोठ्या मुलाने बाटली अगदी न कुरकुरता घेतली होती, त्यामुळे मी निवांत होते, म्हटलं आदल्या आठवड्यात सुरू करू, त्यात काय एवढं. ६० मिली दूध पंप केलं, कोमट केलं, बाटली तोंडाशी नेली तर बाईसाहेबांनी ओठ असे मिटले की शिवून टाकल्यासारखे. निपल कसंबसं आत गेलं तर जिभेने ढकलून बाहेर, परत घातलं तर पाठीची कमान, मान मागे, आणि घर डोक्यावर. दूध हनुवटीवरून ओघळून गळ्याच्या वळ्यांमध्ये जाऊन बसलं, ते मी ओल्या फडक्याने पुसत होते आणि पुसता पुसता मीच मुसमुसत होते. पहिले तीन दिवस मी जे जे केलं ते सगळं उलटं होतं हे नंतर कळलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, तुमचे तरी तीन दिवस वाचावेत.

सगळ्यात आधी एक करा, बाटली खाली ठेवा. खरंच. बाळ अंगावर पित असेल तर दोन-तीन दिवस बाटलीचं नावही काढू नका. कारण आत्ता त्याच्या डोक्यात बाटली म्हणजे कोणीतरी डोकं धरून तोंडात काहीतरी कोंबतंय एवढंच बसलंय, आणि ते पुसलं जायला थोडा वेळ लागतो. हातात दिवस कमी असले तरी हे दोन दिवस वाया जात नाहीत, उलट रोज तासभर रडारड करण्यात जे दिवस जातात ते वाया जातात. (बाळ अंगावरही पित नसेल किंवा अंगावर पाजणं शक्यच नसेल तर मात्र ही सुट्टी घ्यायची नाही, त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.)

बाळ असं का करतं

नवीन जन्मलेल्या बाळाच्या तोंडात काहीही चोखण्यासारखं गेलं की ते आपोआप चोखतं, ते त्याच्या हातात नसतं. साधारण तीन-चार महिन्यांच्या आसपास हे आपोआप चोखणं ओसरायला लागतं आणि मग बाळ ठरवून चोखतं. म्हणजे त्याला आता मत असतं. म्हणून खूप जणींचा अनुभव असा की दीड महिन्याचं असताना बाटली मस्त घेतली होती, मग म्हटलं घेतं ना, झालं तर, आणि पुढचे दोन महिने दिलीच नाही, आणि आता बघायलाही तयार नाही. त्याच्या दृष्टीने ही नवीनच वस्तू असते आणि त्याला ती आवडलेली नसते, एवढंच.

त्यात चोखायची पद्धतही वेगळी. अंगावर पिताना बाळ मोठं तोंड उघडून, जीभ खाली पसरून ओढतं, सुरुवातीला दूध थेंब थेंब येतं आणि मग पान्हा फुटला की धार लागते, मधे मधे थांबायला मिळतं. बाटलीत पहिल्या सेकंदापासून दूध, तेही एकाच वेगाने, आणि रबराचा वास. आपण मोठी माणसं नवीन चपलेला दोन दिवस कुरकुरतो.

ज्यांचं बाळ अजून अगदी लहान आहे आणि पुढे बाटली लागणार हे नक्की माहितीये त्यांनी हे एक लक्षात ठेवा: अंगावर पाजणं नीट बसलं की, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनंतर, बाटलीची ओळख करून द्या आणि मग ती मोडू देऊ नका, आठवड्यातून दोन-तीनदा थोडंसं तरी बाटलीतून जाऊ दे. मी हेच केलं नाही.

आधी हे बघा की प्रश्न बाटलीचाच आहे ना

बाळ पहिल्यापासूनच बाटली घेत नाही, पण अंगावर छान पितंय, खेळतंय, वजन वाढतंय, तर प्रश्न बाटलीचा. पण काल-परवापर्यंत बाटली घेणारं बाळ अचानक नको म्हणायला लागलं, किंवा बाटलीही नको आणि अंगावरही नको, तर आधी बाळ बघा, बाटली नंतर. नाक चोंदलंय का, कारण बाळ पिताना नाकाने श्वास घेतं, नाक बंद असलं की दोन घोट घेऊन सोडून देतं आणि चिडतं. तोंडात, गालाच्या आतून, जिभेवर पांढरे चट्टे आहेत का जे पुसल्यावर निघत नाहीत, ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं आणि त्याने तोंड हुळहुळतं. आडवं केलं की जास्त रडतं, कान ओढतं, तर कान दुखत असेल. हिरड्या सुजल्यात, सगळंच चावतंय, तर दात. लस दिलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तर बाळाकडून कसलीच अपेक्षा ठेवू नका.

पिताना किंवा पिऊन झाल्यावर कळवळून रडणं, सारखं भरपूर दूध उलटणं, शीमधे रक्त किंवा खूप शेंबडासारखं, अंगावर पुरळ, हे दिसलं तर ऍसिडिटी-रिफ्लक्स किंवा दुधातल्या प्रोटीनची ऍलर्जी असू शकते, ते घरी शोधत बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. पिताना दर वेळी ठसका, श्वास अडकल्यासारखा होणं, ओठ निळसर पडणं, हे तर लगेच. जीभ खालून बांधलेली असेल तर ती पण एकदा तपासून घ्या, अंगावर कसंबसं जमवणारी काही बाळं बाटलीवर अडकू शकतात.

आणि हे कुठेतरी लिहून ठेवा: दिवसभरात, म्हणजे २४ तासांत, सहा तरी चांगले ओले डायपर झाले पाहिजेत. त्यापेक्षा बरेच कमी, शू गडद पिवळी, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ मलूल, उठवलं तरी नीट उठत नाही, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सिअस किंवा जास्त ताप म्हणजे उद्यावर ढकलायचंच नाही. अशा वेळी बाटली शिकवायचा कार्यक्रम बंद.

"भूक लागली की बरोबर घेईल"

हा सल्ला तुम्हाला घरातल्या प्रत्येक माणसाकडून मिळेल, प्रेमाने मिळेल. मला पण मिळाला आणि मी दुसऱ्या दिवशी तो पाळला, पाच तास अंगावर घेतलं नाही. झालं काय, की ती भुकेने इतकी बेभान झाली की बाटली काय आणि अजून काय, तिला काही शिकायच्या मनस्थितीतच राहिली नाही, आणि शेवटी अंगावर घेतलं तर हुंदके देत देत प्यायली, तेही धड नाही. कडाडून भूक लागलेल्या माणसाला कोणी नवीन भाषा शिकवायला बसत नाही. काही बाळं घेतातही अशी, नाही म्हणत नाही, पण जी घेत नाहीत त्यांची बाटलीशी दुश्मनी पक्की होते, आणि लहान बाळाला उपाशी ठेवणं हा तसाही शिकवायचा मार्ग नाही.

बरोबर वेळ म्हणजे बाळ झोपून उठलंय, फ्रेश आहे, मूड बरा आहे, आणि भूक जेमतेम चाळवायला लागलीये. हात तोंडाकडे जातोय, ओठांची चुळबुळ, मान इकडे तिकडे वळवून शोधतंय, ही ती वेळ. रडायला लागलं म्हणजे तुम्हाला उशीर झाला, आधी शांत करा, अंगावर घ्या, बाटली पुढच्या वेळी. काही बाळांना थोडं अंगावर पाजून, पोटात जरा आधार झाल्यावर मग बाटली चालते, हेही करून बघा.

अर्धवट झोपेत देणं हा एक प्रकार आहे. पेंगुळलेलं बाळ कधीकधी विसरून चोखतं. ओळख करून द्यायला एक-दोनदा ठीक. पण मग ते फक्त झोपेतच पितं आणि जागेपणी बाटली बघून किंचाळतं असं व्हायला लागलं की तुम्ही दुसऱ्याच गर्तेत पडलात, दिवसभर बाळाला झोपवत बसावं लागतं. मी एकदा केलं, सोडून दिलं.

कोणी द्यायची

पहिले काही दिवस शक्यतो आईने नाही. बाळाला आईच्या अंगाचा, दुधाचा वास लांबून येतो, आणि मूळ दुकान समोर उघडं असताना ते डबा कशाला घेईल. बाबा, आजी, जो कोणी पुढे बाळाला सांभाळणार आहे त्यानेच सुरुवात केली तर बरं. आणि आईने नुसतं शेजारच्या खोलीत जाऊन दाराला कान लावून उभं राहायचं नाही (हो, मी), घराबाहेर जायचं. माझी नणंद तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "वहिनी, तू आधी चप्पल घाल आणि अर्धा तास कुठेतरी जा, तुझं टेन्शन माझ्यापर्यंत येतंय तर तिच्यापर्यंत येणारच ना." राग आला होता, पण ते खरं होतं.

हा काही कायदा नाही मात्र. काही बाळांना उलट आईच हवी असते, अनोळखी वस्तू ओळखीच्या माणसाकडूनच घेतात. दोन-तीन दिवस एक करून बघा, नाहीतर दुसरं.

आता प्रत्यक्ष कसं द्यायचं

पहिला दिवस फक्त ओळखीचा. स्वच्छ निपल नुसतं, बाटलीशिवाय, बाळाच्या हातात द्या. बघू दे, चावू दे, चाटू दे, फेकू दे. दुसऱ्या वेळी त्याला दुधाचा थेंब लावून. मग बाटलीला लावून. यात दूध पोटात जाणं हा हेतूच नाही. मोठ्या माणसांना हे फार मूर्खपणाचं वाटतं, पण तोंडाजवळ येणारी ही वस्तू धोक्याची नाही एवढं पटल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

मग धरायचं कसं. अंगावर पाजताना धरतो तसं छातीशी आडवं धरलं की बाळाला वाटतं आता ते मिळणार आणि मिळते बाटली, म्हणजे फसवणूक, म्हणून चिडतं. त्यामुळे वेगळं धरा. मांडीवर जवळजवळ उभं बसवून, पाठ-मान हाताच्या आधारावर. किंवा पाठ तुमच्या पोटाला, तोंड बाहेर. किंवा तुम्ही गुडघे वर करून बसा आणि बाळाला मांड्यांवर समोरासमोर टेकवा. किंवा कुशीवर, डोकं जरा वर ठेवून. आमच्याकडे शेवटी चाललं ते हे: नणंद तिला कडेवर, तोंड बाहेर करून खिडकीशी उभी, हळू हळू डुलतेय, बाहेर झाडाची फांदी हलतेय, हिचं लक्ष फांदीकडे. उभं-चालत देताना मान नीट आधारलेली हवी एवढं बघा. सपाट झोपवून बाटली द्यायची नाही, आणि उशीला टेकवून बाटली उभी करून सोडून तर कधीच नाही, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

निपल तोंडात घालायचं नाही. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलं असतं. निपलचं टोक बाळाच्या वरच्या ओठावर, नाकाच्या खाली हलकेच टेकवायचं, गुदगुल्या केल्यासारखं, आणि थांबायचं. पाच सेकंद, दहा सेकंद. बाळ तोंड उघडेल, जीभ खाली येईल, कधी कधी स्वतःच पुढे येऊन पकडेल. तोंड मोठं उघडलं की निपल जिभेवर ठेवायचं आणि बाळाला आत ओढू द्यायचं. ओठ बाहेर वळलेले, निपलच्या फक्त टोकावर नाही तर रुंद भागावर हवेत. तोंड उघडलंच नाही तर नाही. ओठांवर एक थेंब, हसून दोन शब्द बोलायचे, बाटली बाजूला.

चोखायला लागलं की बाटली उभी उलटी धरायची नाही, जवळजवळ आडवी धरायची, निपलच्या टोकाशी दूध राहील इतपतच तिरकी. म्हणजे दूध आपोआप ओतलं जात नाही, बाळाने ओढलं तरच येतं. दर पाच-सहा घोटांनी बाटलीचं तोंड जरा खाली झुकवायचं, निपल तोंडातच, पण दूध मागे जातं, बाळ श्वास घेतं, मग परत ओढायला लागलं की वर. अंगावर पिताना असंच थांबत थांबत असतं, म्हणून हे त्याला ओळखीचं वाटतं. पूर्ण फीडला १५-२० मिनिटं लागली तर छान, पाच मिनिटांत बाटली रिकामी झाली म्हणजे कौतुक नाही, वेग जास्त आहे.

आणि थांबायचं कधी, तर पहिल्या "नको"ला. तोंड फिरवलं, जिभेने ढकललं, हाताने बाजूला केलं, पाठ ताणली, संपलं. "अजून एकच घोट" नाही, गाल दाबून नाही, रडताना तोंड उघडलंय तर पटकन आत असं तर अजिबातच नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा मिनिटं आणि दिवसातून एक-दोनदा, बास. शेवट शक्यतो हसत खेळत व्हावा, दूध ५ मिली गेलं की शून्य गेलं त्याने फरक पडत नाही.

एक ट्रिक सांगतात, अंगावर पित असताना मधेच काढून पटकन बाटली तोंडात द्यायची. काहींना जमतं. पण काही बाळं मग अंगावर पितानाही एक डोळा उघडा ठेवून संशयाने प्यायला लागतात, तेव्हा एक-दोनदा बघा, चिडलं तर हा नाद सोडा.

निपल आणि बाटली

इथे पैसे जातात. माझ्याकडे एका वेळी सहा प्रकारची निपलं होती, आणि "अगदी आईसारखं" असं प्रत्येकाच्या खोक्यावर. रोज नवीन निपल दिलं की बाळ रोज पहिल्या दिवसावर. एक निवडा आणि त्याला चार-पाच दिवस तरी द्या. टोकापासून बुडापर्यंत हळूहळू रुंद होत जाणारा आकार असेल तर बाळाला ओठ नीट पसरता येतात, एकदम बारीक टोक आणि मग एकदम सपाट बूड असलेल्यात बाळ नुसतं टोक चोखत बसतं. सिलिकॉनचं जरा घट्ट असतं, लेटेक्सचं मऊ पण त्याला स्वतःचा वास असतो आणि ते लवकर खराब होतं. बाळ चोखणी घेत असेल तर तिच्याशी मिळतंजुळतं निपल बघा.

फ्लो, म्हणजे निपलमधून दूध येण्याचा वेग, मात्र महत्त्वाचा. सुरुवात सगळ्यात हळू फ्लोने, बाळ चार महिन्यांचं असलं तरी, खोक्यावरचं वय सोडून द्या, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळतंय, घटाघट आवाज, ठसका, डोळे मोठे, बोटं फाकलेली, म्हणजे फ्लो जास्त. जोर लावून ओढतंय, निपल आत चपटं होतंय, थोड्या वेळात वैतागून सोडतंय, म्हणजे कमी, एक नंबर वर जा. माझ्या धाकटीच्या बाबतीत पहिले तीन दिवस मी मोठ्याचं जुनं, वरच्या नंबरचं निपल वापरत होते. तिला बिचारीला तोंडात नळ सोडल्यासारखं होत असणार.

देण्याआधी निपल कोमट पाण्यात बुडवून घ्या, गार रबर कोणाला आवडेल. दात येत असतील तर उलट, जरा गार केलेलं बरं वाटतं.

दूध काय म्हणतंय

दूध अंगाच्या तापमानाला, साधारण ३७ डिग्री, मनगटावर थेंब टाकला तर गरम नाही गार नाही असा. काहींना जरा जास्त कोमट आवडतं, काहींना चक्क गार. गरम करायचं ते बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून. मायक्रोवेव्हमधे नाही, बाटली बाहेरून गार लागते आणि मधे कुठेतरी चटका बसेल इतकं गरम असतं.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. काढून ठेवलेलं दूध स्वतः चाखून बघा. काही जणींच्या दुधात लायपेज नावाचं एन्झाइम जास्त काम करतं, ते दुधातलं फॅट फोडत राहतं आणि फ्रीजमधे काही तासांत किंवा फ्रीझरमधून काढल्यावर दुधाला साबणासारखा नाहीतर धातूसारखा वास-चव येते. दूध खराब नसतं, बाळाला अपायकारक नसतं, पण काही बाळं ते तोंडात घेत नाहीत आणि आपण बाटलीला दोष देतो. ओळखायचं कसं, तर ताजं काढलेलं दूध त्याच बाटलीतून देऊन बघा. ते घेतलं आणि साठवलेलं नाही घेतलं तर हाच प्रकार. उपाय म्हणजे काढल्या काढल्या लगेच भांड्यात गरम करायचं, कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच, उकळायचं नाही, मग भांडं गार पाण्यात ठेवून पटकन थंड करून साठवायचं. यात दुधातले काही चांगले घटक कमी होतात म्हणून गरज असेल तरच. आणि एकदा वास आला की मग गरम करून तो जात नाही.

साठवायचं गणित: ताजं दूध २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत ४ तास, उकाडा असेल तर त्याहून कमी धरा. फ्रीजमधे ४ दिवस, दरवाजात नाही, आत मागे. फ्रीझरमधे ६ महिन्यांत वापरलेलं उत्तम. फ्रीझरमधून फ्रीजमधे काढून पूर्ण वितळलं की पुढचे २४ तास, परत गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर २ तासांत संपवा नाहीतर टाका. म्हणूनच शिकवायच्या दिवसांत २०-३० मिलीच घ्या बाटलीत, पंप करायला अर्धा तास लागलेलं दूध सिंकमधे ओतताना जे होतं ते पंप करणाऱ्यालाच माहीत.

वरचं दूध म्हणजे फॉर्म्युला सुरू करणार असाल तर एका वेळी एकच नवीन गोष्ट. आधी बाटली अंगावरच्या दुधाने शिकू दे, मग त्यात तयार केलेला फॉर्म्युला थोडा थोडा मिसळत वाढवा. पावडर आधी डब्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यात कालवायची आणि मग ते मिसळायचं, पावडर थेट अंगावरच्या दुधात टाकायची नाही आणि पाणी कमी-जास्त करायचं नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून किमान ७० डिग्री गरम असताना कालवा आणि मग गार करून द्या. केलेलं दूध बाहेर २ तास, बाळाने प्यायला सुरुवात केल्यापासून १ तास, बास.

निपलला मध लावा, साखर लावा, असं कोणीतरी नक्की सुचवेल. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझमसारखं गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं. साखर नको, बाटलीत धान्याची पावडर घालणं पण नको.

बाटली दिसली तरी किंचाळतं तेव्हा

हे जरा पुढचं प्रकरण आहे. बाळाला भूक लागलीये हे दिसतंय, पण बाटली बघितली, किंवा नुसतं लाळेरं बांधलं, किंवा पाजायच्या खुर्चीत बसलं की आकांत. नाहीतर दोन घोट घेऊन झटका बसल्यासारखं मागे. दुखणं-खुपणं डॉक्टरांनी तपासून नाही म्हटलं असेल तर बहुतेक वेळा हे जबरदस्तीचं पिल्लू असतं, आपण काळजीने "मोजून इतके मिली गेलेच पाहिजेत" करत बसतो आणि बाळ प्रत्येक फीडला लढायला तयार होऊन येतं. फॉर्म्युलावर असलेल्या, बाटलीशिवाय दुसरा मार्ग नसलेल्या बाळांमधे हे जास्त त्रासदायक, कारण सुट्टी घेता येत नाही. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वजन आणि डायपर मोजत, दबाव शून्यावर आणावा लागतो. बाटली समोर धरायची, तोंडात नाही. बाळ पुढे आलं तर द्यायची, तोंड फिरवलं की लगेच खाली. जागा बदला, खुर्ची बदला, लाळेऱ्याचा रंग बदला. दोन-चार दिवस दूध थोडं कमी जाईल आणि तुमचा जीव वरखाली होईल, म्हणूनच हे एकट्याने करू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा वजन आधीच कमी असेल तर घरचे प्रयोग नकोतच.

नाहीच घेतली तर

बाटली म्हणजे सर्वस्व नाही. दूध वाटी-चमच्याने जातं, बोंडल्याने जातं, छोट्या कपाने तर अगदी नवजात बाळालाही देता येतं. बाळाला सरळ बसवून, कपाची कड खालच्या ओठावर टेकवून, दूध ओठाला लागेल इतकंच तिरकं करायचं, बाळ जिभेने लपलप घेतं. घशात ओतायचं नाही. सुरुवातीला निम्मं अंगावर सांडतं, चार दिवसांनी कमी सांडतं. सहा महिन्यांनंतर घट्ट खाणं सुरू होतं तेव्हा स्ट्रॉचा कप, साधा कप चालतो, आणि आठ-नऊ महिन्यांचं बाळ असेल तर मी म्हणेन बाटली शिकवूच नका, नाहीतरी वर्ष-दीड वर्षात ती सोडवायचीच आहे.

किती जायला हवं याचीही धास्ती जरा कमी करा. अंगावर पिणारं बाळ एक ते सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं आणि एका वेळी साधारण ९० ते १२०. दोनशेची बाटली भरून "निम्मी टाकली" म्हणून रडू नका. आई घरात नसताना काही बाळं जेमतेम तहान भागवण्यापुरतं घेतात आणि आई आली की संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सगळं वसूल करतात. डायपर ओले होतायत आणि वजन वाढतंय तर हेही चालतं, झोपेचं खोबरं होतं तो भाग वेगळा.

जो दिवसभर सांभाळणार आहे त्याला हे सगळं तोंडी सांगून उपयोग नाही, एका कागदावर लिहून द्या: कसं धरायचं, आडवी बाटली, पहिल्या नकोला थांबायचं, नाही घेतली तर वाटी-चमचा, किती डायपर झाले ते टिक करायचं. आमच्या फ्रीजवर तो कागद कितीतरी महिने होता, त्यावर सासूबाईंनी खाली पेनाने "आणि गाणं म्हणायचं" असं वाढवलं होतं.

आमचं काय झालं, तर नवव्या दिवशी खिडकीशी उभं राहून तिने ४० मिली घेतलं. मी जिन्यात उभी होते, नणंदेने फोटो पाठवला, नुसत्या रिकाम्या बाटलीचा. ऑफिसच्या पहिल्या दिवशी बाटलीने २० मिली आणि बाकी चमच्याने, आणि रात्री मला अजिबात सोडलं नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका वेळी ८०-९० वर आली, पण आजीकडून आणि आत्याकडूनच, माझ्या हातून तिने बाटली शेवटपर्यंत घेतली नाही. दहाव्या महिन्यात कप हातात आला आणि बाटली तिने सोफ्यामागे टाकून दिली. आता अडीच वर्षांची आहे, ती सहा निपलं तिच्या खेळण्यांत आहेत, रोज बाहुलीला पाजते आणि मला येऊन सांगते, "आई, ही तोंड उघडतच नाही."